वेळ बदलली, तिकीट तेच

विमान कंपन्या तिकिटं साधारण अकरा महिने आधी विकायला काढतात. त्या दिवशी आपल्याकडे किती विमानं असतील, वैमानिक किती असतील आणि समोरचा विमानतळ त्या वेळेला उतरायला जागा देईल का, यातलं काहीच तेव्हा पक्कं नसतं. विमान वाहतुकीचं वर्ष दोन हंगामांत विभागलेलं आहे. मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी वेळापत्रक लागतं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. गर्दीच्या विमानतळांवर कुठल्या कंपनीने कधी उतरायचं, म्हणजे स्लॉटचं वाटप, हे त्या हंगामाच्या चार-पाच महिने आधी ठरू लागतं. त्यामुळे नाताळात मुलीकडे न्यू जर्सीला जायचं म्हणून फेब्रुवारीत काढलेल्या तिकिटावरची वेळ हा कंपनीचा इरादा असतो, वायदा नव्हे. छापलेल्या वेळा हा कराराचा भाग नाही, असं कंपन्यांच्या अटींमध्ये लिहिलेलंही असतं. त्या अटी वाचतो कोण!

वेळ बदलते तेव्हा लोक कंपनीला नावं ठेवतात आणि फोन मात्र एजंटला करतात. हा मधला माणूस तेव्हा नेमकं काय करतो, त्याने काय करायला हवं आणि त्याच्या या कामाचे पैसे कोण देतं, हे तिन्ही प्रश्न एकत्र पाहिल्याशिवाय या धंद्याची गंमत कळत नाही. माझं मत आधीच सांगतो. तिकीट काढून देणं हे आता एजंटचं खरं काम राहिलेलं नाही, ते फोनवर कुणीही करतं. काढलेलं तिकीट प्रवासाच्या दिवसापर्यंत जिवंत ठेवणं हे त्याचं काम आहे, आणि नेमकं त्याचाच मोबदला कुठल्याही बिलावर दिसत नाही.

गेल्या दोन-तीन वर्षांत भारतातल्या एजंटांना या कामातून उसंत मिळालेली नाही. 12 नोव्हेंबर 2024 ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, आणि त्या तारखेपासून पुढची विस्ताराची सगळी तिकिटं एका फटक्यात नव्या कंपनीच्या नव्या क्रमांकांवर गेली. विमान तेच, वेळही बऱ्याचदा तीच, पण प्रवाशाच्या हातातल्या कागदावरचा क्रमांक फलकावर सापडेना. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानचं आकाश भारतीय कंपन्यांना बंद झालं. दिल्लीहून उत्तर अमेरिकेला सरळ जाणाऱ्या एअर इंडियाच्या काही उड्डाणांना व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी थांबावं लागलं. जूनमधल्या अहमदाबादच्या अपघातानंतर याच कंपनीने मोठ्या विमानांची आंतरराष्ट्रीय उड्डाणं पंधरा टक्क्यांनी कमी केली. डिसेंबर 2025 च्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांचं गणित न जमल्याने इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली आणि सरकारने तिच्या वेळापत्रकालाच दहा टक्के कात्री लावली. याशिवाय पावसाळ्याच्या आगेमागे मुंबईच्या धावपट्ट्या दुरुस्तीसाठी काही तास बंद असतात, ते वेगळंच. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं. तिथली धावपट्टी तर त्याआधी, ऑक्टोबर 2021 मध्ये, जवळपास दोन आठवडे पूर्ण बंद होती.

बदल फक्त घड्याळाचा असतो असंही नाही. गोव्यात जानेवारी 2023 पासून मोपा सुरू झालं आणि काही कंपन्यांनी दाबोळी सोडून तिकडे मुक्काम हलवला. मडगावच्या माणसाला वेळ तीच राहूनही बरंच आधी घर सोडावं लागू लागलं. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईहून विमानं उडू लागली, त्यामुळे ‘मुंबई’ या एका शब्दाने आता काम भागत नाही.

आता एजंटच्या टेबलाकडे येऊ. कंपनीने वेळापत्रक बदललं की तो बदल अमेडियस, सेबर, गॅलिलिओ अशा आरक्षण यंत्रणांमध्ये जातो आणि त्या उड्डाणावर ज्यांची बुकिंगं आहेत त्या प्रत्येकाच्या पीएनआरमध्ये, म्हणजे बुकिंगच्या नोंदीत, दोन ओळी उमटतात. जुन्या ओळीपुढे ‘यूएन’, म्हणजे हे उड्डाण आता नाही. नव्या ओळीपुढे ‘टीके’, म्हणजे नव्या वेळेला जागा पक्की. मग तो पीएनआर एजन्सीच्या क्यूमध्ये, म्हणजे कामाच्या रांगेत, येऊन पडतो. अमेडियसमध्ये वेळापत्रक बदलाचा क्यू सात नंबरचा. शिस्तीच्या कार्यालयात सकाळचं पहिलं काम हा क्यू रिकामा करण्याचं असतं. बेशिस्त कार्यालयात तो आठवडाभर साचतो आणि एखाद्या शनिवारी कुणीतरी सगळं न वाचता ‘ॲक्सेप्ट’ करून टाकतो. एजंट चांगला की वाईट हे ओळखायची माझ्या मते याहून नेमकी कसोटी नाही, फक्त ती ग्राहकाला कधी दिसत नाही.

बदल दहा मिनिटांचा असेल तर विशेष काही करायचं नसतं असं वाटतं, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण प्रवास दोन टप्प्यांचा असला की दहा मिनिटंही महाग पडतात. प्रत्येक विमानतळावर एका विमानातून दुसऱ्यात जायला किमान किती वेळ हवा हे ठरलेलं असतं. दोहा किंवा फ्रँकफर्टला ती मर्यादा जेमतेम पाळणारी जोडणी असेल तर पहिलं विमान थोडं पुढे सरकताच पुढचं विमान कागदावर शिल्लक राहतं आणि प्रत्यक्षात सुटतं. यंत्रणा दर वेळी ओरडून सांगतेच असं नाही. मध्यरात्रीचा घोळ त्याहून वाईट. रात्री 11.50 चं विमान 12.20 झालं की अर्ध्या तासाने फक्त वेळ नाही, तारीखही बदलते. मूळ विमान अठराचं असलेले काका अठरा तारखेच्या रात्री निवांत जेवतात, कारण नव्या कागदावरची एकोणीस ही तारीख त्यांनी एकोणीसची रात्र म्हणून वाचलेली असते. असे लोक चोवीस तास उशिरा विमानतळावर येतात. अनुभवी एजंट म्हणूनच फोनवर तारीख सांगत नाही, ‘शनिवारी रात्री जेवून निघायचं, काका’ असं सांगतो.

मोठा बदल आला की खरं कौशल्य लागतं. कंपनीची यंत्रणा प्रवाशाला आपोआप दुसऱ्या विमानात बसवते, पण ती माणसाचा विचार करत नाही. मुंबईहून शिकागोला निघालेल्या सत्तरीच्या जोडप्याला ती आखातातल्या विमानतळावर अठरा-एकोणीस तास बसवून ठेवू शकते, कारण तिच्या हिशेबात ‘पोहोचलं’ म्हणजे झालं. अशा वेळी नुसतं ‘टायमिंग बदललंय, चालेल ना?’ असं विचारणारा एजंट निरोप्याचं काम करतो. दुसरा एक प्रकार असतो. तो फोन करण्याआधी त्या कंपनीचं धोरण उघडून बसतो: किती दिवस मागेपुढे फुकट बदलून मिळेल, भागीदार कंपनीच्या विमानात बसवतील का, दुसऱ्या शहरामार्गे चालेल का, पूर्ण परतावा कधीपासून लागू होतो. मग दोन पर्याय हाताशी ठेवून तो ग्राहकाशी बोलतो. हे सगळं ‘होकार’ देण्याआधी करावं लागतं, कारण बहुतेक कंपन्यांच्या धोरणात एकदा बदल मान्य केला की फुकट पर्याय किंवा परतावा मागायची वाट अरुंद होते. घाईघाईने ‘ओके’ म्हणणारे ग्राहक आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतात, आणि त्यांना घाई करणारा एजंट त्या धोंड्याला हात लावतो.

थांबायचं की लगेच उरकायचं हा यातला नाजूक भाग. प्रवास सात-आठ महिन्यांवर असेल तर आज आलेला बदल शेवटचा नसतो, हंगामाचं वेळापत्रक पक्कं होताना आणखी एक-दोन हमखास येतात. थांबलं तर पुढच्या बदलात अधिक सोयीचं विमान मिळू शकतं. पण तेवढ्यात चांगल्या उड्डाणातल्या जागाही भरत असतात. माझा कल असा, की वयस्कर माणसं, लहान मुलं किंवा ठरलेली लग्नतारीख असेल तर थांबू नये. एकट्या तरुण प्रवाशाचं थांबायला हरकत नाही.

ग्राहकाला ठाऊक नसलेली आणि सगळ्यात जास्त मनस्ताप देणारी गोष्ट पुढेच आहे. बुकिंग आणि तिकीट या दोन वेगळ्या नोंदी आहेत. पीएनआरमध्ये नवी वेळ आली, ग्राहकाने होकार दिला, ईमेलवर नवा कागदही आला, म्हणजे काम संपलं असं नाही. ई-तिकिटावरचं कूपन अजून जुन्या उड्डाणाला चिकटलेलं असू शकतं. ते नव्या उड्डाणाशी जुळवायला तिकीट रीव्हॅलिडेट किंवा री-इश्यू करावं लागतं. कधी कंपनी स्वतः करते, कधी एजंटने करायचं असतं, आणि कोणी करायचं यावरून दोघांची टोलवाटोलवी चालते. हे राहून गेलं की चेक-इन काउंटरवरची मुलगी सांगते, ‘तुमचं बुकिंग दिसतंय, पण तिकीट दिसत नाही.’ रात्री दोन वाजता सहारला हे ऐकणाऱ्या माणसाला त्या वाक्याचा अर्थ कुणी समजावू शकत नाही.

री-इश्यू करताना एजंटचे हातही थरथरतात, ते एडीएममुळे, म्हणजे एजन्सीवर फाडल्या जाणाऱ्या डेबिट मेमोमुळे. कंपनीच्या धोरणापेक्षा एक दिवस जास्तीचा बदल फुकट करून दिला, किंवा तिकिटावर ‘हा बदल कंपनीमुळे’ अशी ठरलेली नोंद टाकायची राहिली, तर काही महिन्यांनी कंपनी एजन्सीच्या नावावर डेबिट मेमो फाडते आणि भाड्यातला फरक वसूल करते. ग्राहक तोवर अमेरिकेहून परतून फोटोही दाखवून झालेला असतो. म्हणून जाणते एजंट कंपनीकडून वेव्हर कोड, म्हणजे फुकट बदलाची परवानगी, घेतल्याशिवाय बटण दाबत नाहीत, आणि तो कोड मिळवायला कॉल सेंटरवर तासभर संगीत ऐकतात.

शिवाय विमान बदललं की त्याला जोडलेल्या मागण्या बरोबर जातीलच असं नाही. व्हीलचेअर, जैन जेवण, पैसे भरून घेतलेली पायाजवळ जागा असलेली सीट, बाळाचा पाळणा, हे सगळं नव्या उड्डाणावर पुन्हा मागावं लागू शकतं. महाराष्ट्रातून अमेरिका-ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या आईवडिलांत व्हीलचेअर मागणारे पुष्कळ. त्यांतल्या अनेकांना चालता येतं, पण इंग्रजी फलक आणि लांबलचक टर्मिनल झेपत नाहीत. व्हीलचेअरसोबत येणारा माणूस हाच त्यांचा खरा आधार असतो. ती मागणी नव्या पीएनआरमध्ये राहिली का, हे पाहणारा एजंट लाखमोलाचा.

आता निरोपाच्या प्रश्नाकडे. इथे एजंटांचा धंदा स्वतःच दोषी आहे, आणि हे त्यांनी मान्य करायला हवं. कंपनी आपला ग्राहक पळवेल या भीतीने वर्षानुवर्षं एजंट पीएनआरमध्ये प्रवाशाऐवजी स्वतःचा मोबाइल आणि ईमेल टाकत आले. परिणामी कंपनीचा एसएमएस एजन्सीत येतो, आणि तिथला मुलगा सुट्टीवर असेल तर तिथेच राहतो. यावर विमान कंपन्यांची जागतिक संघटना असलेल्या आयाटाने 1 जून 2019 पासून ठराव 830-डी अमलात आणला: एजंटने प्रवाशाला संपर्क क्रमांक विचारायचाच, तो बुकिंगमध्ये टाकायचा, आणि प्रवाशाने नकार दिला तर तीही नोंद करायची. हा क्रमांक कंपनीने निरोपासाठीच वापरावा, जाहिरातीसाठी नाही, अशी अटही त्यात आहे. तरीही जुनी सवय पूर्ण सुटलेली नाही. ज्या उपनगरी एजंटकडे स्वतःचं आयाटाचं खातं नसतं तो मोठ्या कन्सॉलिडेटरकडून, म्हणजे घाऊक तिकीट विक्रेत्याकडून, तिकीट घेतो. मग निरोप कंपनीकडून कन्सॉलिडेटरकडे, तिथून एजंटच्या व्हॉट्सॲपवर, तिथून ग्राहकाकडे, असा तीन घरं फिरतो.

याची किंमत भारतात प्रवाशालाच मोजावी लागते. डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाच्या नियमांनुसार उड्डाण रद्द झाल्याचं कंपनीने वेळेत कळवलं नाही तर उड्डाणाच्या लांबीप्रमाणे 5,000, 7,500 किंवा 10,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. मात्र ज्याने बुकिंगच्या वेळी पुरेसा संपर्क दिलेला नाही त्याला ती मिळत नाही, असंही त्याच नियमात आहे. एजंटने स्वतःचा नंबर टाकला आणि ग्राहकाचा हक्क गेला, असा हा सरळ हिशेब. युरोपात न्यायालयाने उलट बाजू घेतली. ॲमस्टरडॅमहून पारामारिबोला जाणाऱ्या सुरिनाम एअरवेजच्या एका उड्डाणाचा बदल कंपनीने महिनाभर आधी तिकीट विकणाऱ्या ऑनलाइन पोर्टलला कळवला होता. पोर्टलने तो प्रवाशाला कळवला जेमतेम दहा दिवस आधी. युरोपीय न्यायालयाने 2017 मध्ये निकाल दिला, की एजंटला सांगितलं म्हणजे प्रवाशाला सांगितलं असं होत नाही, कंपनीने 600 युरो द्यावेत, आणि ते तिने हवं तर एजंटकडून वसूल करावेत. याच न्यायालयाने 2021 मध्ये आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: विमान तासाभराहून जास्त आधी नेलं तर ते रद्द केल्यासारखंच धरायचं. अलीकडे ओढलेल्या विमानाचा त्रास उशिरापेक्षा मोठा असतो, हे पुण्याहून एक्स्प्रेसवेने मुंबई गाठणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

अमेरिकेने 2024 च्या नियमांत आकडेच घालून दिले. देशांतर्गत प्रवासात तीन तास आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात सहा तास मागेपुढे झाले, विमानतळ बदलला किंवा थांबे वाढले, तर प्रवाशाने पर्याय नाकारल्यास परतावा द्यायचा. अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या उड्डाणांनाही हे लागू आहे. त्यातलं एजंटांच्या झोपेवर परिणाम करणारं कलम वेगळंच आहे. ग्राहकाच्या कार्डाच्या हिशेबावर पैसे घेणारा म्हणून एजंटचं नाव असेल, तर परतावा एजंटनेच द्यायचा, पैसे त्याच्याकडे शिल्लक असोत वा कंपनीकडे गेलेले असोत.

भारतात नियमाची भाषा एजंटला त्या मानाने सौम्य आहे. एजंट हा कंपनीने नेमलेला प्रतिनिधी, म्हणून परताव्याची जबाबदारी कंपनीची, असं डीजीसीए म्हणतं. व्यवहारात मात्र पैसा ज्या वाटेने गेला त्याच वाटेने परत येतो, आणि ती वाट लांब आहे. मोठ्या कंपन्यांची तिकिटं आयाटाच्या बीएसपी या सामाईक हिशेबातून जातात. परताव्याचा अर्ज तिथे टाकायचा, कंपनीने मंजूर करायचा, मग पुढच्या हिशेबात वळता व्हायचा. स्वस्त कंपन्यांचं वेगळं. तिथे एजंट आधीच वॉलेटमध्ये पैसे भरून ठेवतो आणि परतावा त्या वॉलेटमध्येच येतो. 2 मे 2023 ला गो फर्स्टने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि दुसऱ्या दिवसापासून उड्डाणं थांबवली तेव्हा देशभरातल्या एजंटांचे पैसे अशा वॉलेटांत अडकले. ग्राहक दारात, कंपनी न्यायाधिकरणात. 2019 च्या एप्रिलमध्ये जेट एअरवेज थांबली तेव्हाही हेच झालं होतं. अनेक छोट्या एजंटांनी जुन्या ग्राहकांना पदरचे पैसे दिले, कारण त्यांना त्याच सोसायटीत राहायचं होतं.

टाळेबंदीतल्या तिकिटांवर सर्वोच्च न्यायालयाने 1 ऑक्टोबर 2020 ला जो निकाल दिला त्यात एजंटांचा उल्लेख सरळ होता: कंपनीने परतावा ताबडतोब द्यावा आणि एजंटने तो ताबडतोब प्रवाशाला पोहोचवावा. ‘ताबडतोब’ किती लांबलं ते पाहा. जून 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला एका मोठ्या पोर्टलविरुद्ध आदेश काढावा लागला: अजून द्यायचे राहिलेले सुमारे अडीच कोटी रुपये द्या.

पोर्टलं आणि कोपऱ्यावरचा एजंट यांच्या तुलनेत लोक भावनिक होतात. सरळ सांगायचं तर साधा बदल पोर्टल चांगला हाताळतं. निरोप मिनिटांत येतो, दोन बटणं येतात, काम होतं. अवघड बदलात, म्हणजे दोन कंपन्यांचं तिकीट, चार प्रवाशांपैकी एकाचा बदल, अर्धा प्रवास झालेला असताना परतीचं विमान रद्द, अशा ठिकाणी पोर्टलचं कॉल सेंटर आणि कंपनीचं कॉल सेंटर एकमेकांकडे बोट दाखवतात. तिथे ओळखीचा एजंट उपयोगी पडतो, जर तो फोन उचलत असेल तर. पर्यटन कंपन्यांच्या गटांचं गणित आणखी वेगळं. चाळीस जणांच्या गटाला एका उड्डाणावरून दुसऱ्यावर हलवताना एकत्र जागा मिळत नाहीत. गट फुटतो, आणि टूर मॅनेजर एकच असतो.

हे सगळं करायचे पैसे कुठून येतात? पूर्वी कंपन्या एजंटला भाड्यावर कमिशन द्यायच्या. ते नऊवरून सातवर, पाचवर आलं आणि 2008 च्या अखेरीस मोठ्या कंपन्यांनी ते शून्यावर आणलं. एजंटांच्या संघटनांनी बहिष्कारापर्यंत लढा दिला, पण जुने दिवस परत आले नाहीत. आज एजंट तिकिटावर थोडी सेवा-फी लावतो. तीही ग्राहक ‘पोर्टलवर तर स्वस्त दिसतंय’ म्हणून घासाघीस करून खाली आणतो. एका अमेरिकेच्या तिकिटावर वर्षभरात तीन-चारदा वेळ बदलली तर प्रत्येक वेळचे फोन आणि री-इश्यू त्याच फीमध्ये. वेळ बदलल्यावर वेगळी फी मागणाऱ्या एजंटवर ग्राहक चिडतात. मला ती मागणी रास्त वाटते, अट एकच: ती तिकीट काढतानाच सांगितलेली असावी, आयत्या वेळी नाही. कंपनीच्या चुकीचा भुर्दंड ग्राहकाने का सोसावा, हा प्रश्नही बरोबरच आहे. पण मग तो एजंटने का सोसावा, याचंही उत्तर कुणाकडे नाही.

नियम, यंत्रणा आणि ठराव यांपैकी एकही ज्याला शिवत नाही असा एक प्रकार दिवसेंदिवस वाढतो आहे: दोन वेगळी तिकिटं. नागपूरहून मुंबईचं एक आणि मुंबईहून लंडनचं दुसरं. पहिल्या कंपनीला दुसरीचं अस्तित्व ठाऊक नसतं. तिने सकाळचं विमान दुपारी ढकललं, किंवा सहारऐवजी नवी मुंबईला उतरवलं, तर तिच्या लेखी तो किरकोळ बदल असतो. लंडनचं विमान चुकलं तर ती जबाबदार नाही, आणि लंडनची कंपनी त्याला नो-शो म्हणते. दोन्ही तिकिटं शेजारी ठेवून पाहणारा जगात एकच माणूस असतो, ती दोन्ही काढून देणारा एजंट. पण हल्ली लंडनचं तिकीट त्याच्याकडून घ्यायचं आणि नागपूर-मुंबईचं दोन-तीनशे रुपये वाचवायला स्वतःच फोनवर काढायचं, अशी पद्धत रुळली आहे. त्या तिकिटाचा पीएनआर त्याच्या क्यूमध्ये कधी येतच नाही.